ओटीटीला चित्रपट देताना करार कसा वाचावा

मराठी चित्रपट चित्रपटगृहांतून उतरला, की एखाद्या दिवशी निर्मात्याला ओटीटी प्लॅटफॉर्मकडून ईमेलने तीस-चाळीस पानांचा इंग्रजी करार येतो आणि सोबत ‘शुक्रवारपर्यंत सही करून पाठवा’ असा निरोप असतो. बहुतेक निर्माते आधी रकमेचे पान शोधतात, आकडा बरा वाटला तर वकिलाला ‘एकदा नजर टाका’ म्हणून फोन करतात आणि सही करून मोकळे होतात. निर्मात्यांचे हिशेब आणि कागदपत्रे सांभाळणे हे माझे काम असल्यामुळे असे करार सहीनंतर दोन-तीन वर्षांनी, म्हणजे दुरुस्तीची वेळ टळून गेल्यावर, माझ्या टेबलावर येतात. ते वाचून माझे मत असे झाले आहे की रकमेचा आकडा सर्वांत शेवटी वाचावा. त्याआधी आपण नेमके काय देत आहोत, किती काळासाठी देत आहोत आणि ते परत कसे मिळणार आहे, हे पाहावे. शेत खंडाने देताना बांध, मुदत आणि विहिरीचे पाणी यांविषयी बोलल्याशिवाय कोणी उठत नाही, आणि चित्रपट देतानाही तेवढीच विचारपूस लागते.

आधी सातबारा

करार उघडण्यापूर्वी आपला स्वतःचा कागद तपासावा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्रपटाचा कर्ता हा निर्माता मानला जातो, आणि त्यामुळे नव्या निर्मात्याचा असा समज होतो की पडद्यावर दिसते आणि ऐकू येते ते सर्व आपलेच आहे. परंतु कथा, पटकथा, संवाद, गीते आणि संगीत या स्वतंत्र कृती आहेत आणि त्या प्रत्येकीचा हक्क निर्मात्याकडे लेखी आलेला असावा लागतो. हक्काचे अभिहस्तांकन, म्हणजे हक्क दुसऱ्याच्या नावे करून देणे, लेखी आणि सहीचे असले पाहिजे, तसेच त्यात कृती, हक्क, मुदत, प्रदेश आणि मोबदला यांचा उल्लेख असला पाहिजे, असे याच कायद्याचे कलम १९ सांगते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो केवळ भारत धरला जातो. लेखकाशी केलेल्या एका पानाच्या पत्रात ‘चित्रपट काढण्यास हक्क दिले’ एवढेच वाक्य असेल आणि निर्माता प्लॅटफॉर्मला मात्र दहा वर्षांचे जागतिक हक्क देत असेल, तर तो स्वतःकडे नसलेली जमीन खंडाने देत आहे, हे त्याने ओळखावे.

नाटकावर किंवा कादंबरीवर आधारलेल्या चित्रपटांत, आणि मराठीत ते पुष्कळ आहेत, ही अडचण अधिक येते. २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये अशी तरतूद आली की अभिहस्तांकनाच्या वेळी जे माध्यम अस्तित्वातच नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्या माध्यमाला ते अभिहस्तांकन लागू होणार नाही, मात्र करारात त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असेल तर गोष्ट वेगळी. त्याआधीच्या करारांत सर्व काही शब्दरचनेवर अवलंबून राहते, म्हणून ‘व्हिडिओ कॅसेट व दूरदर्शन’ एवढेच लिहिलेले जुने पत्र हाती असेल तर लेखकाकडून किंवा त्याच्या वारसांकडून नवे पुरवणीपत्र घेतलेले बरे. असे पत्र करार येण्यापूर्वी मागितले तर चहावर मिळते. करार झाल्याची बातमी पसरल्यावर त्याची किंमत बदलते.

गाण्यांच्या बाबतीत दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे, संगीत कंपनीला गाण्यांचे हक्क देताना ‘चित्रपटाचा भाग म्हणून सर्व माध्यमांत गाणी दाखवण्याचा हक्क निर्मात्याकडे राहील’ हे वाक्य आपण ठेवले होते का. ते नसेल तर प्लॅटफॉर्मवर चित्रपट जाताना गाण्यांसाठी पुन्हा त्या कंपनीच्या दारात उभे राहावे लागते. दुसरी म्हणजे, चित्रपटातल्या गीतकाराला आणि संगीतकाराला चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) समान वाटा मिळण्याचा हक्क २०१२ च्या त्याच दुरुस्तीने दिला आणि तो सोडून देता येत नाही. प्लॅटफॉर्मचा करार निर्मात्याकडून ‘संगीताचे सर्व देणे दिलेले आहे’ अशी हमी घेतो. ती हमी देताना नेमके कोणते देणे आपण दिले आहे आणि कोणते आयपीआरएससारख्या, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेमार्फत प्लॅटफॉर्मने द्यायचे आहे, हे वेगळे लिहून घ्यावे. इंटरनेटवरील प्रवाहाला प्रसारणासाठीचा वैधानिक परवाना (मालकाची संमती न घेता कायद्यानेच मिळणारा) वापरता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने विंक हे गाण्यांचे अ‍ॅप आणि टिप्स ही संगीत कंपनी यांच्या वादात २०१९ मध्ये दिला आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम ठेवला. म्हणजे गाण्यांची परवानगी वाटाघाटीनेच घ्यावी लागते आणि त्यातली चूक शेवटी हमी देणाऱ्याच्या अंगावर येते.

जुन्या निर्मात्यांच्या वारसांसाठी एक गोष्ट जाता जाता सांगतो. चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढील कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे चालतो, म्हणजे १९६५ मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचा हक्क ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपतो. मात्र त्यातल्या गीतांचा आणि कथेचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, त्यामुळे ‘चित्रपट मुक्त झाला’ असे सांगत येणाऱ्याला आणि ‘हक्क कायमचे आमचे’ म्हणणाऱ्या नातलगाला, दोघांनाही हा हिशेब मांडून दाखवावा.

हक्कांचे तुकडे

चित्रपटाचा हक्क ही एक वस्तू नाही, हे कागदावर उतरवण्यासाठी एक वही करावी. संगणकावरची असली तरी चालेल, पण एका ओळीत एकच हक्क असावा. वर्गणीवर चालणारे डिजिटल, जाहिरातींवर चालणारे डिजिटल, भाड्याने पाहण्याचे डिजिटल, सॅटेलाइट (म्हणजे टीव्ही वाहिनी), यूट्यूब, विमानातील आणि बसमधील प्रदर्शन, महोत्सव व फिल्म सोसायटी, डबिंग, रिमेक, पुढचा भाग, क्लिपा आणि गाणी, या प्रत्येकासमोर प्रदेश, भाषा, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, हक्क एकमेव (दुसऱ्या कोणालाही न देता येणारा) आहे की सामाईक, आणि कराराचे पान क्रमांक लिहावे. भरलेली ओळ अशी दिसते: ‘वर्गणीवरचे डिजिटल, भारत, मराठी मूळ आवाज व इंग्रजी उपशीर्षके, १ मार्च २०२६ ते २८ फेब्रुवारी २०३१, एकमेव, पान ४ आणि पान ११.’ पान ११ येथे मुद्दाम लिहिले आहे, कारण पान ४ वर दिलेला हक्क पान ११ वरच्या व्याख्येत हळूच वाढलेला असतो. ‘डिजिटल’ या शब्दाच्या व्याख्येत ‘सध्या ज्ञात असलेली किंवा पुढे विकसित होणारी सर्व माध्यमे’ हे शब्द दिसले की पेन्सिल उचलावी. कलम १८ ने आपल्याला जे संरक्षण दिले, ते या आठ-नऊ शब्दांनी परत घेतले जाते असा दावा समोरचा पक्ष पुढे करू शकतो.

सगळे तुकडे एकाच ग्राहकाला देण्यात गैर काही नाही, पुष्कळदा भावही चांगला मिळतो. पण ते दिले आहेत हे देणाऱ्याला ठाऊक असावे. रिमेक आणि पुढच्या भागाचा हक्क वर्गणीच्या डिजिटल करारात फुकट जाताना मी पाहिला आहे, आणि त्या निर्मात्याला ते तेव्हा समजले जेव्हा दक्षिणेतून रिमेकसाठी फोन आला.

मुदत कधी सुरू होते

बहुतेक जण मुदत किती आहे ते पाहतात. ती कोणत्या दिवसापासून मोजायची, हे फार थोडे जण पाहतात. एका निर्मात्याच्या करारात ‘प्लॅटफॉर्मवर चित्रपट प्रथम उपलब्ध झाल्याच्या तारखेपासून पाच वर्षे’ असे लिहिले होते. वाक्य निरुपद्रवी वाटते, आणि मीही तेव्हा ते वाचून पुढे गेलो होतो. चित्रपटाची फाईल गेली, तांत्रिक तपासणीत पास झाली, पहिला हप्ताही आला. त्यानंतर त्या कंपनीतले खरेदी पाहणारे अधिकारी बदलले आणि मराठीला त्यांच्या वेळापत्रकात जागा उरली नाही. दीड वर्ष चित्रपट त्यांच्या कपाटात पडून राहिला. पाच वर्षांची मुदत सुरूच झालेली नव्हती, कारण चित्रपट उपलब्ध झालेला नव्हता. एकमेव हक्काची अट मात्र सहीच्या दिवसापासून लागू होती, म्हणून वाहिनीला देता येईना आणि यूट्यूबवरही टाकता येईना. शेवटचा हप्ता प्रदर्शनाच्या दिवशी मिळणार होता, तोही अर्थातच अडकला.

यावर कायद्यात उतारा आहे. ज्याला हक्क दिले त्याने एका वर्षात ते वापरले नाहीत तर ते संपुष्टात येतात, असे कलम १९ चे चौथे उपकलम म्हणते, आणि कलम ३० अ मुळे ते परवान्यांनाही आवश्यक त्या फेरफारांसह लागू होते. पण त्याच उपकलमाच्या शेवटी ‘करारात अन्यथा नमूद केले नसल्यास’ असे शब्द आहेत. त्या निर्मात्याच्या करारात पान २७ वर, ‘इतर तरतुदी’ या मथळ्याखाली, नोटिशीचा पत्ता आणि कराराची भाषा यांच्या मधोमध, ‘कलम १९(४) च्या तरतुदी या कराराला लागू होणार नाहीत’ अशी एक ओळ होती. म्हणून करार हाती आला की सर्वप्रथम संगणकावर ‘१९’ हा आकडा शोधावा. ती ओळ काढून घेता आली तर उत्तम. नाही काढली, आणि मोठे प्लॅटफॉर्म सहसा काढत नाहीत, तर मुदतीचे वाक्य बदलून घ्यावे: ‘सर्व सामग्री सुपूर्त झाल्यापासून ९० दिवस किंवा प्रथम प्रदर्शन, यांपैकी जे आधी घडेल त्या दिवसापासून पाच वर्षे.’ त्याखाली दुसरे वाक्य असावे की सुपूर्तीपासून सहा महिन्यांत प्रदर्शन न झाल्यास हक्क एकमेव राहणार नाहीत आणि उरलेली रक्कम देय होईल. या दोन वाक्यांसाठी भावात थोडे खाली यावे लागले तरी यावे, असे माझे मत आहे.

पैसे कसे मोजले जातात

ठरावीक एकरकमी किंमत मिळत असेल तर हा भाग लवकर आटोपतो: हप्ते कोणत्या घटनेला बांधलेले आहेत, एवढे पाहावे. ‘सामग्री स्वीकारल्यानंतर’ असे लिहिले असेल तर स्वीकृती किती दिवसांत द्यायची, आणि त्या दिवसांत हरकत न आल्यास सामग्री स्वीकारली असे समजले जाईल, हे लिहून घ्यावे. तांत्रिक तपासणीचे अहवाल महिनोन्महिने येत राहतात, एकदा आवाजाच्या पातळीसाठी, एकदा उपशीर्षकांतल्या वेळेसाठी, आणि हप्ता पुढे सरकत राहतो. यासाठी संवादांशिवायचा संगीत-ध्वनीचा ट्रॅक, उपशीर्षकांच्या फाईल्स, गाण्यांची वेळेसह यादी आणि सेन्सॉर प्रमाणपत्र हे सर्व पोस्ट-प्रॉडक्शन चालू असतानाच तयार ठेवावे. स्टुडिओ सोडल्यावर तो ट्रॅक पुन्हा बनवून घेणे खर्चाचे काम असते.

छोट्या चित्रपटांना आजकाल मिनिमम गॅरंटी (किमान ठरलेली रक्कम) आणि त्यावर वाटा, किंवा गॅरंटीशिवाय पाहिलेल्या तासांवर पैसे, असे प्रस्ताव अधिक येतात, आणि तेथे प्रत्यक्ष हिशेब मांडून पाहावा. समजा, २० लाख रुपये गॅरंटी आहे आणि पाहिलेल्या प्रत्येक तासाला निर्मात्याच्या खात्यात ४ रुपये जमा होतात. गॅरंटी फिटेपर्यंत वरचा एक रुपयाही मिळणार नाही, म्हणजे ५ लाख तास पाहिले जावे लागतील, म्हणजे दोन तासांचा चित्रपट अडीच लाख वेळा शेवटपर्यंत पाहिला जावा लागेल. आता करारात ‘वितरण, डबिंग व जाहिरातीचा खर्च प्रथम वसूल केला जाईल’ असे वाक्य असेल आणि तो खर्च ३ लाख निघाला, तर तोच आकडा पावणेसहा लाख तासांवर जातो. या खर्चाला कमाल मर्यादा घातलेली आहे का, हे पाहावे. नसेल तर गॅरंटी हीच आपली पूर्ण किंमत आहे असे समजून निर्णय घ्यावा आणि वाट्याचा आकडा मनातून काढून टाकावा. किती तास पाहिले गेले हे सांगणारा प्लॅटफॉर्मच असतो, म्हणून वर्षातून एकदा चार्टर्ड अकाउंटंटमार्फत नोंदी तपासण्याचा हक्क मागावा. तो मिळाला नाही तरी निदान दर तिमाहीचे विवरणपत्र तासांच्या आकड्यासह मिळेल, केवळ रकमेसह नव्हे, एवढे पदरात पाडून घ्यावे.

‘जगभर’ या शब्दाची किंमत

प्रदेशाच्या रकान्यात ‘जगभर’ लिहिणे प्लॅटफॉर्मला सोयीचे असते आणि निर्मात्यालाही त्यात मान वाटतो. मराठी चित्रपटाच्या बाबतीत मात्र परदेशातला मोठा प्रेक्षक महाराष्ट्र मंडळांच्या सभागृहांत बसतो. अमेरिकेतल्या एखाद्या शहराचे मंडळ रविवारी दुपारी सभागृह भाड्याने घेऊन खेळ लावते, तिकिटाचे आणि बटाटेवड्याचे पैसे गोळा करते आणि निर्मात्याला ठरलेली रक्कम देते. जागतिक एकमेव हक्कांवर सही झाल्यावर हा खेळ करारभंग ठरू शकतो. म्हणून सभागृहातील बिगरव्यावसायिक व मंडळांचे खेळ, महोत्सव, फिल्म सोसायट्या, शाळा-महाविद्यालये यांना अपवाद करणारे कलम घालून घ्यावे. बहुतेक प्लॅटफॉर्म ते विनातक्रार देतात, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

सॅटेलाइट हक्क आधीच विकले असतील तर त्या वाहिनीच्या करारात तिच्या स्वतःच्या अ‍ॅपवर चित्रपट दाखवण्याचा हक्क गेलेला असतो काय, हेही येथेच पाहावे. एकाच चित्रपटाचे ‘एकमेव’ डिजिटल हक्क दोघांकडे जाण्याचे सर्वांत साधे कारण हेच आहे.

प्लॅटफॉर्मच बदलला तर

पाच-सात वर्षांच्या करारात समोरचा पक्ष शेवटपर्यंत तोच राहील असे धरून चालता येत नाही. हॉटस्टार २०१५ मध्ये आले, नंतर ते डिस्ने प्लस हॉटस्टार झाले, हॉटस्टार चालवणारी स्टार इंडिया आणि जिओसिनेमा चालवणारी वायकॉम १८ यांचे विलीनीकरण नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाले आणि १४ फेब्रुवारी २०२५ पासून जिओसिनेमा व हॉटस्टार एकत्र होऊन जिओहॉटस्टार उभे राहिले. एचबीओ या अमेरिकी वाहिनीच्या मालिका ३१ मार्च २०२३ नंतर हॉटस्टारवरून उतरल्या, जिओसिनेमाकडे गेल्या, आणि दोन्ही एकत्र झाल्यावर फिरून त्याच छपराखाली आल्या. प्रेक्षकाला यात फक्त आवडती मालिका कुठे गेली एवढेच दिसते. निर्मात्याने यातून शिकायचे ते हे की करार कंपनीशी असतो, अ‍ॅपच्या नावाशी नव्हे. म्हणून हक्क दुसऱ्याकडे सोपवण्याचे आणि पोटपरवाना देण्याचे कलम नीट वाचावे. समूहातल्या कंपनीला सोपवण्यास हरकत घेऊ नये, ती टिकणारही नाही; परंतु समूहाबाहेर पोटपरवाना दिल्यास लेखी कळवले जाईल आणि त्यातून आलेल्या पैशात वाटा मिळेल, अशी अट मागता येते. विलीनीकरणानंतर विवरणपत्रे बंद पडतात, लॉगिन चालेनासे होते आणि जुन्या अधिकाऱ्याचा ईमेल परत येतो. अशा वेळी नोटीस पाठवण्यासाठी कंपनीचा नोंदणीकृत पत्ता करारात असणे उपयोगी पडते.

पुढच्या काळाचा विचार करून आणखी दोन जागा पाहाव्यात. वर्गणीवर चालणारे प्लॅटफॉर्म जाहिरातींच्या स्वस्त योजना काढू लागले आहेत, त्यामुळे ‘वर्गणीवरचे डिजिटल’ म्हणून दिलेला चित्रपट जाहिरातींसह, मोफत, किंवा वाहिनीसारख्या सलग प्रवाहात दाखवला जाऊ शकतो. हे मान्य असेल तर त्याची किंमत वेगळी लावावी, मान्य नसेल तर तसे लिहावे. दुसरी जागा कृत्रिम बुद्धिमत्तेची आहे. ‘सेवेत सुधारणा करण्यासाठी सामग्रीचे विश्लेषण करण्याचा व त्यापासून साधने विकसित करण्याचा हक्क’ असे वाक्य आढळले तर त्याचा अर्थ चित्रपटावर संगणकप्रणाली शिकवण्यापर्यंत ताणता येतो. हॉलिवूडच्या लेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला, त्यातला एक मोठा वाद याच विषयावर होता. आपण संप करू शकत नाही, पण ‘शिफारशी, शोध व उपशीर्षके यांपुरतेच विश्लेषण, कोणतीही प्रणाली प्रशिक्षित करण्यासाठी वापर नाही’ एवढी ओळ मागू शकतो. यंत्राच्या आवाजातील डबिंगला परवानगी देण्यापूर्वी कलाकारांशी झालेल्या करारात त्यांच्या आवाजाची नक्कल करण्याची मुभा आहे का, ते पाहावे. ती मुभा बहुधा नसतेच, आणि हमी मात्र निर्मात्याने दिलेली असते.

सहीनंतर

वाद मुंबईत चालेल की सिंगापूरमध्ये, हे कलम सहीच्या आदल्या दिवशी तरी वाचावे. पंधरा लाखांच्या करारासाठी परदेशातली लवाद-प्रक्रिया परवडत नाही. सही झालेली प्रत, सामग्री सुपूर्त केल्याच्या पोचपावत्या आणि तपासणी-अहवाल एकाच फोल्डरमध्ये ठेवावेत. मूळ मास्टर फाईल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि वर्षातून एकदा ती उघडून पाहावी, कारण चार वर्षांनी नव्या ग्राहकाला चित्रपट द्यायची वेळ आली तेव्हा हार्ड डिस्क चालू होत नाही आणि जुना प्लॅटफॉर्म प्रत परत देण्यास बांधील नसतो.

हक्कांच्या वहीतल्या शेवटच्या तारखेच्या ९० दिवस आधी डायरीत खूण करावी आणि त्याच दिवशी प्लॅटफॉर्मला नूतनीकरण करायचे आहे का असे विचारणारे पत्र पाठवावे. नूतनीकरण आपोआप होण्याची अट असेल तर ‘नको’ हे त्या पत्रातच कळवावे लागते. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅप उघडून चित्रपट उतरला आहे की नाही ते स्वतः पाहावे, अजून दिसत असेल तर पडद्याचे चित्र वेळेसह काढून ठेवावे, नोटीस पाठवावी, आणि मगच वहीतली ती ओळ खोडून नव्या ग्राहकाशी बोलणे सुरू करावे.